डावा कान

माझी मुलगी चौथीत असताना तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. ती दुपारीच शाळेतून एकटी चालत आली. मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. गालावर बोटं उठलेली, कानातून रक्त ओघळून गणवेशाची कॉलर लाल झालेली.

"सरांनी मारल्यानी," एवढंच म्हणाली आणि तिथेच बसली.

गृहपाठ का केला नाहीस, असं सरांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "काल लायट नाय होती." नीट मराठीत सांग, म्हणाले. घाबरून तिने तेच पुन्हा सांगितलं. वर्ग हसला. सरांना वाटलं, मुद्दाम करते. इतक्या जोरात थोबाडीत बसली की तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

मालवणच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. माझ्या नवऱ्याचं कट्टा गावच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. बोलायला कमी, पण एकदा डोकं फिरलं की ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता, मुलीला हाताला धरून तो सरळ शाळेत गेला. मी मागून धावत होते.

"माझ्या चेडवाक मारूचो अधिकार तुका कोणी दिल्यान?"

सरांनी उत्तर द्यायच्या आत त्याने त्यांना फळ्यावर ढकललं. चष्मा पडला, पायाखाली चुरडला. सरांनीही लाकडी पट्टी उचलून त्याच्या खांद्यावर हाणली. मग तो त्यांना मारतच सुटला. नाक फुटलं, पांढऱ्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे उडाले. मुलं किंचाळत बाहेर पळाली. मुख्याध्यापिका बाई रडत "सोडा, सोडा" म्हणत होत्या. मी त्याचा शर्ट धरून ओढत राहिले, तो माझ्या हातात फाटला.

माझी मुलगी बाकाखाली होती. दोन्ही कान घट्ट दाबून, डोळे मिटून. तिच्याखालची फरशी ओली झाली होती. बापाने तिला उचलायला हात पुढे केला, तर ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली.

गावातल्या चार माणसांनी सरांना आणि माझ्या नवऱ्याला समोरासमोर बसवलं. दोघांनी माफी मागितली, तक्रार कुणी केली नाही. आता सोमवारपासून मुलीला पाठवा, असं ठरलं. सासरेही तेच म्हणाले, "आमीय मार खाल्लो, मेलो काय?"

सोमवारी दप्तर पाहताच मुलगी ओकली. मंगळवारी न्हाणीघराला आतून कडी लावून बसली. शेवटी मीच सासऱ्यांसमोर जाऊन सांगितलं, "बाबा, ता शाळेत जावचा नाय. मी घराकच शिकवतंय." माझं डी.एड. झालेलं, नोकरी कधी मिळाली नव्हती. सासरे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

घर शांत झालं असं मात्र नाही. फडताळातला डबा काढायला मी हात वर केला, तरी ती डोकं झाकायची. एकदा खेळताना कोंबडीच्या पिलाला काठीने झोडपत "नीट बोल, नीट बोल" म्हणत होती. मी काठी काढून घेतली तेव्हा पिलू मेलेलं होतं. ती रडली नाही, मलाच रडू आलं.

गणित बाप शिकवायचा. एका रविवारी भागाकार चुकला म्हणून तो ओरडला आणि त्याचा हात वर गेला. मारायला की माशी हाकलायला, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. तिने शेजारचा पोळपाट उचलला आणि त्याच्या कपाळावर फेकून मारला. रक्त डोळ्यात उतरलं. ती दाराला टेकून डोकं झाकून उभी राहिली, आता आपल्याला मारणार म्हणून.

तो खाली बसला. टॉवेलने कपाळ दाबून म्हणाला, "भिया नको गो. मी मारूचंय नाय. कधीच नाय."

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? म्हणाला, "चेडवान मारल्यान. बरा केल्यान."

त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणावर हात उचलला नाही. यंदा तिने आठवीची परीक्षा बाहेरून दिली. डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं, म्हणून बोलताना ती उजवी बाजू पुढे करते. बापाशी भूमितीवरून वाद घालते तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत जातो, शेजारीण काळजीने डोकावून जाते. ती मात्र एक पाऊल मागे सरत नाही, त्याच्या हातातली पेन्सिल ओढून घेते आणि आकृती स्वतः काढते.