बाबांच्या तक्त्यातला ब्राउझर

माझा दादा म्हणजे ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. प्रोग्राम लिहिणं हा त्याचा धंदा आणि नीट चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हा त्याचा धर्म. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, अजून टेस्टिंग चालू आहे.

बाबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. दादाने महिनाभर खपून त्यांच्यासाठी बोलका तक्ता बनवला. स्क्रीनवर साठ चौकटी, प्रत्येकीत एखादा शब्द नाहीतर छोटं वाक्य. त्या एकेक करून उजळायच्या. हवी ती उजळली की बाबा बोटाखालचं बटण दाबायचे, चौकट हिरवी व्हायची आणि कॉम्प्युटर मोठ्याने बोलायचा. पत्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं ठोकाठोकी केल्यामुळे बाबांना स्वतःला ऐकू येत नसे, कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. म्हणजे तो आवाज होता आमच्यासाठी.

त्या प्रोग्रामच्या पोटात एक ब्राउझर होता. तक्ता दाखवणं, आवाज काढणं, सगळं काम त्याचंच. त्याची नवी व्हर्जन्स सारखी यायची, पण ती आपोआप शिरू नयेत म्हणून दादाने एक जुनं व्हर्जन प्रोग्रामबरोबरच बांधून ठेवलं होतं. बदलायची वेळ आलीच, तर तो बाबांच्या पलंगावर बसून त्यांच्याकडून साठच्या साठ चौकटी दाबून घ्यायचा. बाबा वैतागायचे. मग मुद्दाम ‘पुरे’ची चौकट चारदा दाबायचे, आणि दोघं हसायचे.

त्या गुरुवारी दोघांचं वाजलं. दादाने परगावची चांगली नोकरी बाबांसाठी नाकारली होती, आणि ते बाबांना कळलं. ‘माझ्यासाठी थांबू नको’ ही चौकट ते दाबत राहिले, दाबतच राहिले. दादा शेवटी त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, “मग नका बोलू माझ्याशी!”

आणि आपल्या खोलीत गेला. ते जुनं व्हर्जन आता सुरक्षित नाही, अशी ऑफिसची सूचना आठवडाभर पडून होती. रागाच्या भरात त्याने तिथूनच बांधलेलं व्हर्जन सोडवलं, नवं येईल ते आपोआप घे असं ठरवून टाकलं, आणि तक्ता पुन्हा सुरू केला. बाबांच्या शेजारी जाऊन बसायचं तेवढं राहिलं. राहिलं कसलं, गेलाच नाही तो.

शुक्रवारी तक्ता गप्प. शनिवारीही गप्प. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. दादाला वाटलं, आपण सांगितलं ते बाबांनी मनावर घेतलं. तो बाबांच्या खोलीत फिरकला नाही. मी भरवायला जायचे तेव्हा स्क्रीन बाजूला सारायचे. एरवी दारातून तिची पाठच दिसायची. बाबांचं बोट हलताना मी पाहिलं होतं. चाळा असेल म्हणून सोडून दिलं. मेलं माझं शहाणपण!

रविवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

दहा दिवसांनी दादाने तो कॉम्प्युटर उघडला. दाबलेली प्रत्येक चौकट प्रोग्राम वेळेसकट लिहून ठेवायचा. शुक्रवार आणि शनिवार मिळून दोनशेच्या वर नोंदी होत्या. दादाला दोन मिनिटांत कळलं. नवं व्हर्जन, स्क्रीनवरच्या पानाला, म्हणजे तक्त्याला, कुणी स्वतः क्लिक केल्याशिवाय, आवाज सोडत नव्हतं. बाबांनी बटण दाबलं की ते कळायचं आधी प्रोग्रामला, मग प्रोग्राम पानाला सांगायचा. ब्राउझरच्या लेखी तिथे माणूसच नव्हता. चौकटी मात्र हिरव्या होत होत्या, म्हणून बाबांना वाटत राहिलं की आपलं बोलणं आम्हाला ऐकू जातंय आणि आम्हीच येत नाही.

नोंदी वाचायचा त्याला धीर होईना. मी वाचल्या. शुक्रवारभर ‘ये’. मग ‘माझं चुकलं’. मग पुन्हा ‘ये’. शनिवारी दुपारपासून ‘जेवलास का?’, मध्ये मध्ये थांबून, रात्री नऊपर्यंत.

दादा माझ्यापुढे जमिनीवर बसला. रडणं आवरेना त्याचं, माझंही.

“एका हाकेत गेलो असतो गं मी,” तो म्हणाला.