तोंड बघितलं का?

माझा शर्ट जेलमध्ये गेला असता तर माझी काही हरकत नव्हती, पण गेलो मी! अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत आम्ही सगळे एकाच दोरीवर कंपनीचे नंबर टाकलेले शर्ट वाळत घालायचो. केमिकल उडून अंगातला भिजला की हाताला लागेल तो सुका शर्ट चढवायचा. पाठीवर नंबर कुणाचा, हे बघतंय कोण? एका संध्याकाळी तांब्याची वायर घेऊन कुणीतरी भिंतीवरून पळालं. वॉचमनने पाठीवरचा नंबर वाचला. नंबर माझा होता.

जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून कल्याणच्या जेलात कच्चा कैदी होऊन पडलो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आमच्या घरी फळीवर राज्यघटनेची प्रत आहे, आई रोज तिच्यावरची धूळ पुसते. भेटीला आली की म्हणायची, "कोर्ट ऐकून घेईल रे." माझं डोकं फिरायचं. ऐकणार कधी? तारखेला न्यायला पोलीस नसायचे, आणि पोलीस मिळाले तर जजसाहेब रजेवर. सुटणं राहिलं बाजूला, कुणीतरी एकदा माझं सगळं ऐकावं, एवढ्यासाठी जीव तळमळायचा.

बराकीत माझ्या शेजारी उल्हासनगरचेच एक म्हातारे सिंधी काका झोपायचे, कापडाचे दुकानदार. त्यांच्या साडूला म्हणे अमेरिकेत ज्युरीवर बसवलं होतं, दुकान बंद ठेवायला लावून.

"तिथे जज एकटा ठरवत नाही, साईं. बारा साधी माणसं ठरवतात."

"तिथेही गरिबाचीच वाट लागत असेल," मी म्हणालो.

"लागत असेल. पण पहिलं ऐकून तर घेतात. चल, आपण पण बसवू!"

आणि खरंच बसवली. खिसेकापू, मारामारीवाले, एक घरफोड्या, असे बारा जण भिंतीला टेकून बसले. मी दोरी, शर्ट, नंबर, सगळं सांगितलं. माझं बोलणं इतक्या शांतपणे आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. आणि शेवटी बहुतेकांनी काय ठरवावं? चोर! "नंबर तुझा, म्हणजे तूच," घरफोड्या तोंडावर म्हणाला. घ्या! मी असा भडकलो की दोघांना मला धरावं लागलं. काका तेवढे दाढी खाजवत बसले होते.

"त्या वॉचमनने तोंड बघितलं का?" त्यांनी विचारलं.

मलाच माहीत नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलाने नाही, इतक्या दिवसांत कुणी हे विचारलंच नव्हतं. नंतर बराकी बदलल्या आणि आमची ज्युरी तिथेच मोडली. काकांच्या केसचा नंबर लागलाच नाही.

अखेर सुनावणी झाली. सरकारने दिलेल्या वकीलबाईंना मी तेवढाच प्रश्न विचारायला सांगितलं. वॉचमन साक्षीला उभा होता आणि कंपनीचे साहेब समोर बसले होते. त्याने आधी साहेबांकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या माझ्या आईकडे.

"खोटं कशाला बोलू? तोंड नाय बघितलं. शर्ट बघितला."

दोरीचं तर जजसाहेबांनी स्वतःच विचारलं, आणि त्याने तेही खरं सांगितलं. मी निर्दोष सुटलो. आई रडत बसली आणि मी सरळ वॉचमनच्या गळ्यात पडलो. आईचं खरं झालं होतं, उशिरा का होईना.

बरेच खेटे घालून काकांची मुलाकात मिळवली. जाळीपलीकडे ते वाळून गेले होते, पण मला बघून खूश झाले.

"बघ साईं, ज्युरी कामाला आली!"

"ज्युरीने मला चोर ठरवलं होतं, काका."

खो खो हसले. मग म्हणाले, "माझं काय, पुढची तारीख."

आजूबाजूला सगळे आपापल्या माणसांशी ओरडून बोलत होते. मी जाळीला चिकटलो.

"काका, तुमची केस सांगा. अगदी पहिल्यापासून."

"आता कोण ऐकणार रे?"

"मी ऐकतोय ना. तुमच्या तोंडाकडे बघून ऐकतोय."

काकांनी डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.