देवाला दिलेला सिलिंडरचा पत्ता

आखातातल्या युद्धात आमच्या घराचं जे काही नुकसान झालं, ते गावच्या देवळात झालं.

टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ अडकलेली जहाजं आणि खालच्या पट्टीवर ‘गॅसची टंचाई’. इकडे लेकीचा साखरपुडा तोंडावर आणि विजयदुर्गची व्याहीमंडळी आमच्या घरी जेवायला येणार! मी तळेऱ्याच्या बहिणीकडून भरलेला सिलिंडर रिक्षाने आणला. (जुन्या साडीत गुंडाळून. वाटेत एकीने “म्हातारेक बरा नाय काय?” म्हणून विचारलंसुद्धा!) तो आणि आमचा राखीव, असे दोन्ही आंब्याच्या खोलीत गवताखाली दडवले आणि वाडीत सांगून टाकलं, “आमचो संपलो.” खरं वाटावं म्हणून शेजारच्या सुशीलाकडून चुलीसाठी लाकडंही मागून आणली.

त्यातच गावाने ठरवलं, युद्ध थांबावं म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायचं. तो मान माझ्या मोठ्या दिरांचा. भावोजी दिवसभर बातम्या बघतात आणि देवाला मोघम काही सांगत नाहीत. पत्ता अर्धवट दिला तर देव तरी येणार कुठे, असं त्यांचं म्हणणं.

सगळी वाडी हात जोडून उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा! तिकडे आखातात जी लढाय चल्ली आसा, ती बंद कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्या होड्यांका डिझेल मिळांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या भावाच्या चेडवाचो साखरपुडो बरो पार पाड! आणि आमच्या घरात, उजव्या हाताक आंब्याच्या खोलयेत, गवताखाली जे दोन भरलेले सिलिंडर दडवन ठेयलेले आसत, तेंका आगीपासून सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे गरजले. (सवयीने मीसुद्धा.)

मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. देवाच्या कौलाकडेही कुणी एवढं टक लावून बघत नाही.

“वयनी,” सुशीला म्हणाली, “लाकडा माझी न्हेलात मगे तुमी?”

“भावोजी!” मी दात आवळून म्हटलं.

“देवापासून काय लपवचा गो?” भावोजी शांतपणे नारळ फोडायला वळले.

“अगो, वाडयेसाठीच ठेयलंय ते!” माझ्या तोंडून निघून गेलं. “जेचो गॅस संपलो आसात, तेणी येवचा आणि शिजवन न्हेवचा!”

“बरा झाला,” सुशीला म्हणाली. “उद्या पेजेचो टोप घेवन येतंय.”

आली! तिच्यामागून अख्खी वाडी आली. कुणाची पेज, कुणाची आमटी, कुणाच्या मुंबईच्या पाहुण्यांसाठी वडे! कुकरच्या शिट्ट्या इतक्या वाजल्या की नवरा म्हणाला, “घराचा स्टेशन केलंस!”

तेवढ्यात युद्ध थांबलं. श्रेय भावोजींनी घेतलं. बातम्यांत आता पट्टी फिरू लागली, ‘गॅसपुरवठा टप्प्याटप्प्याने सुरळीत’. आमचा टप्पा काही येईना आणि साखरपुड्याच्या सकाळी, डाळ अर्धकच्ची असताना, दुसरा सिलिंडरही संपला.

“आता खरोखरचो संपलो काय?” सुशीलाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परसात तीन दगड मांडले. वाडीतल्या बायकांनी मिळून स्वयंपाक वेळेत उरकला.

विहीणबाई पहिल्याच घासाला खूश. “चुलीवरचं जेवण! किती हौसेने केलंत हो!”

“मुद्दामच,” मी म्हटलं.

“मग लग्नाचंही असंच हवं हं!”

लग्नाच्या दिवसांत गॅसवाला आपणहून दारात येऊन “सिलिंडर हवो?” विचारत होता आणि मी परसात बसून वऱ्हाडाच्या वरणासाठी ओली लाकडं फुंकत होते. डोळ्यांतून नुसत्या धारा! बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, “वयनी कडक दिसतत, पण लेक चल्ली, शेवटी आवशीचा काळीज!”

मी धुराचं नावसुद्धा काढलं नाही.