ताई आणि एकोणीस दिवस

ताईंबद्दल चांगलं बोलायला बसले तर मला संध्याकाळ पुरणार नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. बाई मुळात वाईट असती तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

आमच्या केंद्रात कृत्रिम पाय आणि हात बनतात. खाली कारखाना, वर तपासणीच्या खोल्या, आणि जिन्याच्या वळणावर आमची नोंदीची खोली: दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, कपाटात सर्व्हर. प्रत्येक माणसाच्या उरलेल्या पायाचा घेर तीन ठिकाणी, लांबी, कुठे टोचतं, कुठे सूज येते, कोणतं पॅड चाललं आणि कोणतं नाही, हे सगळं आमच्या डेटाबेसमध्ये. खालचे मास्तर, म्हणजे प्रत्यक्ष पाय घडवणारे, ते आकडे बघून साचा करतात. आकडा चुकला की माणूस लंगडतो, इतकं ते सरळ आहे.

ताई त्या खोलीत बावीस वर्षं होत्या. आधी सगळं कार्डांवर होतं. हजारो कार्डं त्यांनी एकट्यांनी कॉम्प्युटरवर चढवली आणि वर डॉक्टरांच्या अक्षराच्या चुका काढून डॉक्टरांनाच दाखवल्या. सर्व्हरला त्या 'आजोबा' म्हणायच्या. सकाळी आल्या की कपाटावर टिचकी मारून, "आजोबा, आहात ना?" असं विचारायच्या आणि मग रजिस्टरमध्ये सही करायच्या: रात्रीचा बॅकअप पाहिला, ठीक. मी नवीन होते तेव्हा मला हे सगळं फार गोड वाटायचं.

काम त्यांनीच मला शिकवलं, आणि हातचं काही राखून नाही. त्यांचा एक नियम होता. जुनं काही बघायचं असेल तर बॅकअप बाजूला उतरवायचा, वेगळ्या नावाने. चालू डेटाबेसवर कधीच नाही. "बॅकअप म्हणजे काल," त्या म्हणायच्या. "आजच्यावर काल ओतलास तर आज गेला. परत मागायला जागा नाही." बॅकअप उतरवायची, म्हणजे रिस्टोअरची खिडकी उघडली की ती फाइलमधलं मूळ नाव आपणहून भरते. तिथे थांबायचं, नावापुढे 'जुना' लिहायचं, मग पुढे जायचं. मी ते टाइप करताना त्या माझ्या खांद्यावरून बघायच्या आणि 'जुना' उमटेपर्यंत माझं मनगट धरून ठेवायच्या. खरंच धरून ठेवायच्या, गंमत नाही.

आणि माया म्हणाल तर विचारू नका. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी माझं अर्धं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. तपासणीसाठी आईला मधल्या वेळेत न्यावं लागायचं. मी सुट्टीचा अर्ज काढला की त्या तो माझ्या हातातून घेऊन फाडायच्या. "नोंद कशाला? मी आहे ना. जा आणि ये." रिस्टोअरचं सॉफ्टवेअर फक्त माझ्या मशीनवर होतं, त्यामुळे जाताना माझा पासवर्ड त्यांच्याकडे असायचा. नियमात हे बसत नव्हतं. पण ताईंपासून लपवायचं काय? घरातल्या माणसासमोर कोणी कपाटाला कुलूप लावतं का?

तो बुधवार, एकोणीस तारीख. मी साडेबाराला आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले आणि त्या दिवशी परत आले नाही. हजेरीत माझा पूर्ण दिवस.

पुढचं मी नंतर लॉगवरून, म्हणजे सर्व्हर आपण होऊन ठेवतो त्या नोंदीवरून, जुळवलं. मास्तरांना एका पेशंटचं जुनं माप हवं होतं, कोणीतरी त्यावर नवं लिहून ठेवलं होतं. ताई माझ्या खुर्चीत बसल्या, एक तारखेच्या पहाटेचा बॅकअप घेतला आणि रिस्टोअर उघडलं. नाव आपणहून भरलं गेलं. त्या थांबल्या नाहीत. सर्व्हरने सांगितलं, या नावाचा डेटाबेस आधीच आहे. तेव्हाही त्या थांबल्या नाहीत. 'आधीच्यावर लिही' या चौकटीत त्यांनी टिचकी मारली. जेवणाची सुट्टी होती, कुणी जोडलेलं नव्हतं, नाहीतर सर्व्हरनेच अडवलं असतं. एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं आणि आठ मिनिटांत एकोणीस दिवस संपले. दुपारभर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, सर्व्हर दुरुस्तीला आहे, कागदावर लिहा.

गुरुवारी सकाळी मी मशीन उघडलं तर शेवटची नोंद गेल्या महिन्याची. मी ओरडले, "ताई, हे बघा काय झालंय!" त्या आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अगंबाई." ते 'अगंबाई' आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इतकं नैसर्गिक बोलल्या त्या.

आदल्या रात्रीचा बॅकअप काढू म्हटलं, तर तो नाहीच. त्याच्या आदल्या रात्रीचाही नाही. बॅकअपची डिस्क भरली होती आणि एक तारखेच्या पहाटेनंतर एकही रात्र तिथे काही साठलं नव्हतं. रजिस्टरमध्ये मात्र रोज सकाळी ताईंची सही, रोज 'ठीक'. इतकी वर्षं ठीक निघालं म्हणून त्यांनी बघणंच सोडलं होतं. आणि मी काय केलं? मोठ्या साहेबांसमोर मी त्यांची बाजू घेतली. डिस्क भरल्याचा इशारा देणारा मेलच बंद पडला असेल, ताई तरी काय करणार, असं मी बोलून आले. ताई खाली बघत होत्या. मला वाटलं, बिचारीला लाज वाटतेय.

त्रेसष्ट माणसांना परत मापाला बोलवायचं ठरलं. त्यांतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई दोन गाड्या बदलून आल्या, टेपसमोर पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात लिहिलं होतं ना तुम्ही? माझ्यासमोर लिहिलं होतं." मी नुसती मान हलवली.

शुक्रवारी बाहेरून बोलावलेला इंजिनिअर आला. त्याने लॉग काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. बुधवारी एक दहाला चालू डेटाबेसवर बॅकअप उतरवलेला. लॉगिन माझं.

"मी तेव्हा इथे नव्हते," मी म्हटलं. साहेबांनी हजेरी उघडली. पूर्ण दिवस. मग त्यांनी विचारलं, "ताई, ही होती का?"

मी ताईंकडे बघितलं. शपथेवर सांगते, मला भीती वाटत नव्हती. ताई होत्या ना.

"होती," ताई म्हणाल्या. "जेवून माझ्यासमोरच बसली होती. हिला मी शंभर वेळा सांगितलं होतं साहेब, बाजूला उतरव म्हणून."

माझाच धडा, माझ्याच बाईंनी, माझ्याच गळ्यात अडकवला. साहेबांनी सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला आणि सांगितलं की खुलासा पटला नाही तर माझी नोकरी संपली. आमच्या घरात पगार एकच, माझा.

मी ताईंना जिन्यात गाठलं. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"ताई, का?"

"मला पाच महिने राहिलेत गं. बावीस वर्षांत एक कार्ड हरवलेलं नाही माझ्याकडून. तुझं वय आहे, तुला मिळेल दुसरी नोकरी."

"आणि डाग? हिने एकोणीस दिवस पुसले म्हणून सगळीकडे सांगतील. कोण ठेवेल मला?"

"लोक विसरतात," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडले, "माझ्याकडे दवाखान्याची चिठ्ठी आहे! वेळेसकट! सोमवारी ठेवते टेबलावर!" पंधरा मिनिटांनी त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेल्या. बरं वाटत नसेल, असं मला वाटलं. इतकं होऊनही मला तसंच वाटलं, यावरून काय ते समजा.

सहाला घरी पोचले. आई खिडकीपाशी बसली होती, काळा चष्मा लावून, खुशीत.

"तुझ्या ताई येऊन गेल्या," आई म्हणाली. "तासभर बसल्या. किती माया गं त्या बाईला! माझे थेंबसुद्धा त्यांनीच घातले, चिठ्ठीवर बघून बघून. पापणी इतकी हळू धरली, मला कळलंसुद्धा नाही."

"चिठ्ठी कुठे आहे आई?"

"त्याच घेऊन गेल्या. तुझी सुट्टी लावायची आहे म्हणाल्या ऑफिसात. मीच काढून दिली." आईने उशाच्या बाटल्या चाचपल्या. "देतील ना गं परत? दोन बाटल्या आहेत. कुठली किती वेळा, ते त्यावरच लिहिलंय."

साहेबांसमोर त्या खोटं बोलल्या ते मी घाबरटपणा म्हणून कधीतरी गिळलं असतं. पण त्या मुद्दाम बस पकडून माझ्या घरी आल्या, माझ्या आईशेजारी बसल्या, तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि तिच्या हातून कागद घेऊन गेल्या. मी दोन्ही बाटल्या हातात धरून बसले. झाकणं सारखीच, पांढरी, आणि औषधं बुधवारीच बदललेली. चुकीचा थेंब पडण्यापेक्षा न पडलेला बरा, म्हणून रात्री थेंब घातलेच नाहीत, आणि सकाळीही नाहीत.

शनिवारी दवाखाना उघडायच्या आधी मी दारात होते. खिडकीतल्या बाईला आधी थेंबांचं विचारलं, वेळेचं नंतर. तिने नाव टाकलं आणि सगळं निघालं: औषधं, तारीख, आत गेल्याची वेळ बारा पन्नास, बाहेर पडल्याची दोन पाच. दुसरी प्रत छापायला तिला मिनिटभर लागलं. बावीस वर्षं नोंदी सांभाळणाऱ्या बाईंच्या डोक्यात हे आलंच नाही, की दुसऱ्याही कोणाकडे नोंदी असतात.

सोमवारी ती प्रत मी साहेबांसमोर ठेवली आणि न नोंदवलेल्या सुट्ट्या आणि ताईंकडे दिलेला पासवर्ड, दोन्ही कबूल केलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि ताईंना आत बोलावलं. ताईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला. साहेब वाट बघत होते. मीही बघत होते. काय बोलायचं ते मी रात्रभर घोकून आले होते, एकेक शब्द धार लावून.

कागद खाली ठेवून ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आईचे थेंब वेळेवर चालू आहेत ना?"

घोकलेलं सगळं विसरले मी. "तुम्ही चिठ्ठी नेलीत," मी म्हटलं, "म्हणून दोन वेळचे चुकले."