चष्मा उतरवण्याची घाई

धनश्रीला चष्मा लागला तो आठवीत, आणि त्याच चष्म्याने तिला विमान दाखवलं. तोवर सिल्वासाच्या आभाळात तिला नुसती घरघर ऐकू यायची. दमणहून तटरक्षक दलाची विमानं उठायची, गच्चीवरची पोरं बोटं दाखवून ओरडायची, आणि ही उगाच त्यांच्या सुरात सूर मिसळायची. चष्मा लागल्यावरच्या पहिल्याच रविवारी घरचे सगळे दुधनीच्या धरणावर फिरायला गेले. पाण्यावरून एक विमान बरंच खालून गेलं आणि तिला त्याचे पंख, गरगरणारे पंखे, पोटावरचा पट्टा सगळं लख्ख दिसलं. पोरगी जेवायचं विसरली. आपण हवाई दलात वैमानिक व्हायचं, हे त्या दिवशी तिने ठरवलं ते ठरवलं.

तिचे वडील शशिकांत जळगावहून येऊन इथल्या एका सुताच्या कारखान्यात मॅनेजर झालेले. हाताखालच्या माणसांपुढे वाघ आणि थोरल्या बहिणीपुढे मांजर. ही बहीण, मालतीआत्या, वर्षातून दोनदा जळगावहून येऊन घराचा कारभार हाती घ्यायची. धनश्री आणि धाकटी पूजा, दोघींच्या नाकावर चष्मे बघून तिचं कपाळ आठ्यांनी भरायचं.

"पोरीले चष्मा म्हणजे निम्मे स्थळं दारातूनच वापस, शशी."

लष्करी विमान चालवायला डोळे कसे लागतात, हे धनश्रीने अकरावीतच नीट माहीत करून घेतलं होतं. लांबचं धूसर दिसणाऱ्याला तिथे प्रवेश नाही. लेझरने नंबर काढून घेतला आणि डोळे त्यांच्या कसोटीला उतरले तर मात्र संधी होती. अट एवढीच, की वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी डोळ्यांना हात लावायचा नाही. पोरीने वाट बघायचं ठरवलं. तिची काही तक्रार नव्हती.

वीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते आणि आत्या नाशिकचं स्थळ घेऊन आली. घरदार चांगलं, मुलगा इंजिनिअर, आणि म्हणणं एकच: मुलीला चष्मा नको.

"पप्पा, चार महिने थांबा," धनश्री म्हणाली. "ऑपरेशन मी स्वतःच करून घेणार आहे ना."

"स्थळ थांबतं का वं चार महिने?" म्हणत आत्याने जेवण सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. अधूनमधून चिवडा चालत होता, तो भाग वेगळा.

शशिकांतांनी दोघींना खूश करणारा तोडगा काढला. "अगं, ऑपरेशन करायचंच आहे, मग आत्ता काय नि नंतर काय! तारखेचं मी बघतो. कंपनीत इन्स्पेक्शन आलं की आम्ही तारखा पुढेमागे करतोच की. कोण बघतंय?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "चष्मा कशासाठी घालवायचाय?" धनश्री तोंड उघडणार, तोच आत्या म्हणाली, "लग्न हाय." डॉक्टरांनी मान हलवली. लग्न म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

महिन्याभराने नाशिकहून निरोप आला. पत्रिकेत एकनाड निघाली, जमणार नाही. म्हणजे पोरीच्या डोळ्यांवर आधी लेझर फिरवला आणि पत्रिका नंतर उघडली! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. इकडे एका शब्दाने कुणी चुकलो म्हणालं नाही. उलट आत्या म्हणाली, "चष्मा तर गेला ना!"

बी.एस्सी. झाल्यावर धनश्रीने हवाई दलाची लेखी परीक्षा दिली, मुलाखतीतून निवडली गेली आणि वैद्यकीय तपासणीला उभी राहिली. डोळे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ऑपरेशन कधी झालं ते विचारलं. वडिलांनी सांगायला दिलेली तारीख तिला पाठ होती. पण ज्या नोकरीत आपल्या शब्दावर दुसऱ्यांचे जीव असणार, तिची सुरुवात खोट्याने करायची? तिने खरी तारीख सांगितली. अधिकारी रागावला नाही. कोवळ्या वयात डोळ्यांचा नंबर स्थिरावलेला नसतो, म्हणून ही अट, असं त्याने समजावलं आणि तिला उड्डाणासाठी अपात्र ठरवलं.

तिने घरी फोन केला. वडिलांचे पहिले शब्द काय असावेत?

"अगं, खरी तारीख कशाला सांगितलीस?"

त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

आत्याचा उत्साह मात्र कायम. दिवाळीच्या तोंडावर तिने पुण्याचं स्थळ घरी आणलं आणि त्याच सपाट्यात पूजाच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात तारीखही घ्यायला लावली. पूजा नुकतीच अठराची झालेली. तिला काय व्हायचंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

पुण्याचा कौस्तुभ आला तो जाड भिंगांचा चष्मा लावून. पोहे झाले, चहा झाला. त्याच्या आईने विचारलं, "मुलीला चष्मा नाही ना?"

"नाही हो, काढून टाकला!" आत्या फुशारकीने म्हणाली.

धनश्रीच्या मस्तकात तिडीक गेली. "कौस्तुभ, जरा चष्मा काढता? समोरच्या कॅलेंडरवरचा महिना वाचून दाखवा."

तो गोंधळला, पण बिचाऱ्याने काढला. डोळे बारीक करकरून पाहिलं. "नाही दिसत," तो म्हणाला.

"पुरुषाला चष्मा शोभतो गं," त्याची आई घाईने म्हणाली.

"हवाई दलात नाही चालत तसं, काकू. तिथे मुलाला आणि मुलीला एकच तक्ता वाचायला लावतात. त्यांनी मला नापास केलं ते मी मुलगी म्हणून नाही. तुमच्यासारख्यांना चष्म्याची सून नको, म्हणून माझ्या घरच्यांनी चार महिन्यांची घाई केली, म्हणून."

पाहुणे उठले. आत्या कडाडली, "नाक कापलंस पोरी आमचं!"

"नाकच ना, आत्या? माझे तर डोळे होते."

शशिकांतांनी फोन उचलला आणि दवाखान्याला सांगितलं, "पूजाचं ऑपरेशन रद्द करा. नाही, पुढची तारीख नको. तिला हवं असेल तेव्हा तीच सांगेल." आत्या ‘अरे शशी, अरे शशी’ करत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पूजाने ताईचा हात घट्ट धरला. आता ती आपल्याशी दोन शब्द बरे बोलेल म्हणून वडील धनश्रीकडे बघत होते. तिला तिथून त्यांच्या डोळ्यांतलं पाणी स्वच्छ दिसत होतं. पण एवढा एक फोन त्यांना तिच्या वेळीही करता आला असता.