विहीणबाईंची उलटी नजर

एकदा मी असा स्वेटर विणला होता, की त्यात माणूस शिरूच शकत नव्हता. बाकी सगळं होतं त्यात. रंग, नक्षी, माझी ऐट. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे सिल्वासाच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि जगातल्या सगळ्या चुका इतरांच्याच असतात अशी माझी पक्की समजूत होती. माझी ही चूक घडण्याआधीच जिला दिसली, ती माझ्या सुनेची आई. कुठलीही वस्तू सुलट बाजूनं पाहायचीच नाही, असा जणू नवस बोललेली बाई!

साडी हातात दिली तर विहीणबाई पदर बघायच्या नाहीत, उलटून फॉलची शिलाई बघायच्या. रांधा गावात एका लग्नात त्यांनी आशीर्वाद देता देता नवरीच्या शालूचा काठ उलटला आणि थेट माइकजवळ म्हणाल्या, “व माय, मागून धागे लोंबून राहिले ना!” लेकीसाठी आमचं घर बघायला आल्या, तेव्हा मी नवे पडदे लावून, शोकेस पुसून दिवाणखान्यात सजून बसले होते. या तडक मागच्या मोरीकडे गेल्या. तिथं आमची कामवाली चहा पीत होती. परत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “देऊन टाका पोरगी. इथं सगळ्यांना कप एकसारखे आहेत.” माझे पडदे वाया गेले ते गेलेच.

पुढं सायली गावातल्या कारखान्यातून मुलाची बदली हिमाचलात झाली. सून आणि नात मनू त्याच्याबरोबर जाणार होत्या. मनूनं इथून निघताना माझ्याच हातचा स्वेटर घालायचा, नाहीतर आठवड्याभरात ती मला विसरेल, असं माझ्या मनानं घेतलं. वापीच्या दुकानदारानं लोकर देताना विचारलं, “बा, अहीं स्वेटर कोण पहेरशे?” इथल्या उकाड्यात स्वेटर कोण घालणार, हा त्याचा प्रश्न मी कानाआड केला. गेरूच्या रंगावर हात धरून नाचणारी पांढरी वारली माणसं मला विणायची होती. एकाच ओळीत दोन रंग. एका धाग्यानं विणायचं, दुसरा मागून आडवा नेत राहायचा. विहीणबाईंचे यजमान फौजेत होते, तेव्हा त्या हे पहाडी बायकांकडून शिकल्या होत्या. राखोलीहून रोज रिक्षानं यायच्या आणि पंख्याखाली, घामेजल्या हातांनी, मला एकच सांगायच्या, “मागचा धागा सैल सोडा, मास्तरीणबाई. लांब गेला तर मध्ये एकदा अडकवा. पण ओढू नका.”

मला कुठलं पटायला! मागं लोंबता धागा म्हणजे मला शर्ट बाहेर काढून वर्गात आलेला विद्यार्थी वाटे. त्यांची पाठ वळली की मी धागा असा खेचायचे, की नाचणारी माणसं रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी एकमेकांना चिकटली. विणकाम आकसलं, तर गादीखाली घालून त्यावर झोपले. विहीणबाई उलटी बाजू मागायच्या, मी म्हणायचे, “पूर्ण झाल्यावर!” शेजारणींना मात्र पुढची बाजू दारोदार जाऊन दाखवली.

निघायच्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली जमली. मी थाटात मनूच्या डोक्यातून स्वेटर घातला. डोकं कसंबसं बाहेर आलं, हात मात्र वरच राहिले, आणि ती किंचाळली, “आजी, मी अडकले!”

“पोट आत घे,” मी म्हणाले.

“आई, सोडा तिला!” सून कडाडली.

विहीणबाईंनी स्वेटर उपसून काढला आणि अखेर उलटला. आत धागे तंबोऱ्याच्या तारांसारखे ताणलेले. शेजारणी माना उंच करून बघत होत्या. आता या बाई भर चौकात माझी इज्जत काढणार, म्हणून मी डोळे मिटले. रांध्याच्या नवरीलाही जिनं सोडलं नव्हतं, ती मला कशाला सोडेल?

त्यांनी स्वेटर सुलट केला, नक्षी वर येईल अशी घडी घातली आणि सुनेच्या बॅगेत सारला. “तिकडच्या थंडीत लोकर सैल पडते,” सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या. “तिथं होईल बरोबर.”

मनू दुकानातलं चेनचं जाकीट घालून गेली. गाडीच्या खिडकीतून हात हलवत होती, तो वळणापर्यंत दिसला. शेजारणी पांगल्या, आम्ही दोघीच फाटकापाशी उरलो. आभार मानायचे सोडून मी विचारलं, “खरंच सैल पडते का हो लोकर?”

“छे! दगडासारखी राहील.”

मी हसले, मग हसायला जमेना. त्यांनी रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली, तरी त्या चढेनात. रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, “आजवर मी लेकीच्या नावानं तुमच्याकडे येत होते, बाई. उद्या नुसतीच आले तर चालंल ना?”