तारेनंतरची सात मिनिटं

सगळ्यात आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं खूप वाचलेली, लिहिण्याची सवय असलेली असतात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शाळा दिल्लीत हिंदीतून झाली, त्यामुळे मराठीत सलग दोन पानं लिहायची वेळ आजवर आलेली नाही. साठे काकांनी शुद्धलेखन तपासून दिलंय. तरी चूक राहिली असेल तर ती माझी.

आणि माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वडील फौजेत हवालदार आहेत, आम्ही कँटोन्मेंटमध्ये राहतो. गावाकडून कोणी आलं आणि भुताखेतांचा विषय निघाला की ते म्हणतात, "वीस वर्षं सेन्ट्री ड्यूटी केली, मला एक पण भेटलं नाही. भेटलं असतं तर पासवर्ड विचारला असता." मीही तसाच वाढलो. त्यामुळे पुढचं जे आहे, ते जसं झालं तसंच सांगतो. वाढवून सांगायला मला जमणारही नाही.

मयूर विहारमधल्या एका मराठी मंडळात मी दोन वर्षांपूर्वी जायला लागलो. तिथे साठे काका आहेत, मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांनी एकपात्री नाटक लिहिलं होतं, एका खऱ्या माणसाच्या आयुष्यावर. त्यांचं खरं नाव इथे देत नाही, नाना मास्तर म्हणू. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते साताऱ्याकडच्या एका खेड्यातून पानिपतला गेले... लढाईचं मैदान बघायला म्हणून. तिथे फाळणीत आलेल्या विणकरांची पोरं रस्त्यावर हिंडताना दिसली, आणि हा माणूस परत आलाच नाही. एका शेडमध्ये शाळा सुरू केली आणि मरेपर्यंत चालवली. बायको आणि मुलगी गावीच राहिल्या.

ती मुलगी म्हणजे कुसुमआजी. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, लग्न होऊन दिल्लीत आल्या त्या इथल्याच झाल्या. मास्तरांच्या तीन डायऱ्या त्यांच्याकडे होत्या. त्या देताना त्यांनी साठे काकांना अट घातली. मी तेव्हा तिथे चहा घेत बसलो होतो.

"नाटक करा. पण नानांना देव करू नका. मी चौदा वर्षांची होते. आई अत्यवस्थ आहे, लगेच निघा, अशी तार केली होती मामांनी. मी रोज संध्याकाळी एस.टी. थांब्यावर जाऊन बसायची. आई गेली. मग नानांचं पत्र आलं, 'परीक्षेमुळे येणे झाले नाही.' नानांनी तार वाचली, खिशात घातली आणि ते वर्गावर गेले. हे दाखवायचं. नाहीतर डायऱ्या परत द्या."

"तुम्ही कधी विचारलं नाही त्यांना?" काकांनी विचारलं.

"नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही. काही वर्षांनी तेही गेले."

काकांनी शब्द दिला आणि तसंच लिहिलं. तार वाचायची, घडी घालून खिशात ठेवायची, फळ्यावरचं गणित पुढे सुरू करायचं. तिथे पहिला अंक संपत होता.

मी नाटकात प्रॉम्प्टर होतो. काम करणार होते मंडळातले दुसरे एक गृहस्थ. पण प्रयोगाला तीन आठवडे असताना त्यांची ट्रान्सफर ऑर्डर आली, गुवाहाटी. सगळी वाक्यं पाठ असलेला दुसरा माणूस मीच होतो. मी घाबरून नाही म्हटलं. मंडळातल्या लेले काकू म्हणाल्या, "अरे दत्ता, तुझं बोलणं आहे ना गावाकडचं, तेच हवंय. आम्ही बोललो की बँकेत आल्यासारखं वाटतं." आणि माझ्या जागी विंगेत संहिता घेऊन त्या बसल्या.

रविवारी सकाळी अकराचा प्रयोग. दीडशे खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह, बऱ्यापैकी भरलेलं. स्टेजवर एक फळा, एक टेबल, एक बाक. बस्स. कुसुमआजी दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.

तारेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मी तार उघडली. कागद कोरा होता, मजकूर मला पाठ होता. तो म्हटला. घडी घालायला लागलो...

इथून पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. भीती वाटली नाही, एवढं नक्की. बसमध्ये शेजारी कोणी येऊन उभं राहिलं की आपण न बघता थोडं सरकतो ना, तसं काहीतरी झालं. मी सरकलो. मग आठवतं ते एवढंच, की मी बाकावर आडवा आहे, वर दिवा आहे आणि अंग खूप गरम आहे. आमच्या गावी जत्रेत अंगात येताना मी पाहिलंय. हे तसं नव्हतं. घुमणं नाही, थरथरणं नाही, काही नाही.

बाकीचं मला व्हिडिओवरून कळलं. मंडळाने मोबाईलवर पूर्ण प्रयोग रेकॉर्ड केला होता. त्यात काही विचित्र दिसत नाही. मीच दिसतो, आवाजही माझाच. तार छातीवर ठेवून मी बाकावर पडलोय आणि म्हणतोय, "हरबंस, पायाकडून धर. सरळ ठेवा रे. तिरकी करू नका खाट, पडेन मी." मग थोडा वेळ गप्प. मग, "अजून एकदा बघा. दारातून जात नाही? गार्डसाहेब, थोडं थांबा, बसता येत नाही हो मला... ताप आहे..." पुन्हा गप्प. बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "जाऊ द्या. गेली गाडी. कुसुमला लिहू नका. आई तशी, आणि बाप इथं असा, एवढं कसं झेपेल तिला? परीक्षा होती म्हणून लिहा."

मग मी उठतो, खडू घेतो आणि फळ्यावरचं गणित पुढे सुरू करतो. संहितेत आहे तसं. सगळी मिळून सात मिनिटं.

पडदा पडला आणि लेले काकू धावत आल्या. "अरे, मी पानं उलटतेय, उलटतेय! तू कुठल्या पानावर होतास?"

"काय झालं काकू?"

"काय झालं म्हणे! बाकावर झोपलास काय, खाट उचला म्हणतोस काय! साठे, हे कधी घातलंत? मला सांगायचं तरी!"

साठे काका माझ्याकडे बघत होते. "मी नाही घातलं," ते म्हणाले. "आईशपथ."

तेवढ्यात कुसुमआजी आत आल्या. काठी टेकत त्या सरळ काकांसमोर उभ्या राहिल्या.

"साठे, तुम्ही शब्द दिला होता."

"ताई, यातलं एक अक्षर माझं नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. "मग तुला कोणी सांगितलं हे बोलायला?"

"कोणी नाही, आजी."

"हरबंस कोण?"

मला माहीत नव्हतं. मला रडू येत होतं, खरं सांगतो.

"हे बघ दत्ता," त्या म्हणाल्या. "साठ वर्षांहून जास्त झाली, मी त्या माणसावर रागावलेय. त्या रागावर मी लग्न केलं, संसार केला, मुलं वाढवली. आता तो राग फुकटचा होता असं कोणाला म्हणायचं असेल, तर त्याने पुरावा आणावा. नाटकात काय, कोणीही काहीही बोलतं."

दुसरा अंक झाला. त्या थांबल्या नाहीत. नाटकाचा पुन्हा प्रयोग करायला त्यांनी मनाई केली आणि साठे काकांशी बोलणं सोडलं. चाळीस वर्षांची ओळख होती त्यांची.

मी तिन्ही डायऱ्या परत वाचल्या. हरबंस हे नाव कुठेच नाही. तार आली त्या महिन्याची पानं मात्र कोरी आहेत, पण हे मला आधीही माहीत होतं, आणि कोऱ्या पानांवरून काही सिद्ध होत नाही. मग मी आणि काका पानिपतला गेलो. शाळेच्या जागी ब्लँकेटचं गोदाम आहे. हँडलूम बाजारात तीन दुकानांत विचारलं. एक दुकानदार हसून म्हणाला, "हरबंस? यहाँ हर गली में दो मिलेंगे." तरी तिन्ही ठिकाणी चिठ्ठी ठेवून आलो. चिठ्ठीवर नंबर कुसुमआजींचा होता. मी आधी जाऊन त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "दे. माझाच दे. खोटं निघालं तर पहिलं मला कळू दे."

चार महिने काही झालं नाही. मी रोज विचार करायचो की आपण एका म्हाताऱ्या बाईला उगाच त्रास दिला. कदाचित लहानपणी काहीतरी ऐकलेलं डोक्यात राहिलं असेल, तापात आपल्याला असंच कधी उचलून नेलं असेल... आईला विचारलं. ती म्हणाली, "नाही रे बाबा, तुला कधी खाटेवर घातलं नाही." वडिलांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला, आणि पहिल्यांदाच पासवर्डचा जोक केला नाही. म्हणाले, "नीट अभ्यास कर."

मी खूप शोधलं, पण माझ्याकडे आजही उत्तर नाही. ते शब्द माझ्या तोंडी कुठून आले, मला सांगता येत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मला वाईट वाटणार नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मी कॉलेजच्या कँटीनमध्ये असताना फोन आला. कुसुमआजी.

"दत्ता, हरबंस सापडला."

मी उभाच राहिलो.

"पंच्याऐंशी वर्षांचा आहे. नातवाने चिठ्ठी वाचून दाखवली त्याला. साठेंना मीच फोन केला, त्यांनी तो व्हिडिओ पाठवला, मी हिंदीत समजावला. हरबंस म्हणतो, मी पायाकडून नव्हतो, डोक्याकडून होतो. लड़के ने इतना ग़लत बोला. बाकी बिल्कुल सही."

मी फोन घेऊन कँटीनच्या बाहेर आलो.

"आजी, खाट खरंच नेली होती?"

"एकदा नाही रे," त्या म्हणाल्या. "तू एकदाच दाखवलंस. पहिल्या दिवशी खाट डब्याच्या दारातून गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली, पुन्हा गेली नाही. मग हरबंसच्या वडिलांनी खाटेची वीण सोडली, आडवे दांडे कापले आणि अरुंद करून परत विणली. दाराचं माप घेऊन आला होता तो माणूस. तिसऱ्या दिवशी त्या खाटेवरून नानांना प्लॅटफॉर्मवर आणलं. आता खाट दारात बसेल म्हणून सगळे खुशीत होते. गाडी यायची होती, तेवढ्यात मामांची दुसरी तार आली."